हितं कोण मेलं?

सर वर्गात आले की आधी नकाशाला मारायचे. ‘बसा’ नाही, ‘गुड मॉर्निंग’ नाही. हातातला सागवानी रूळ फाडकन भिंतीवरच्या नकाशावर बसायचा, कुठल्या तरी दोन देशांच्या मधल्या रेघेवर, आणि मागोमाग प्रश्न यायचा, "हितं कोण मेलं?"

पहिल्या दिवशी कुणालाच उत्तर येत नसे. येणार कसं? आम्ही एम.ए.ला राजकीय भूगोल घेतलेली मुलं. सीमारेषांचे प्रकार आम्हाला तोंडपाठ होते. नदीची सीमा, डोंगराची सीमा, पट्टी ठेवून आखलेली सीमा. रेघेवर माणूस मरतो हे आमच्या गाइडात नव्हतं. उत्तर आलं नाही की रूळ नकाशावरून आमच्याकडे वळायचा. मुलांच्या तळहातावर, मुलींच्या समोरच्या बाकावर. बाकावरचा तडाखा परवडला असं तुम्हाला वाटेल. मी त्या बाकावर दोन वर्षं बसले आहे, माझं मत वेगळं आहे.

"रेघ आपोआप पडत न्हाय," सर म्हणायचे. "रेघ हाय म्हंजे कोणतरी मेलंय. आधी त्याचं नाव गाव काढ, मग रेघंचा प्रकार सांग."

तुमच्याही ओळखीत असा एखादा मास्तर असेल. त्याचा मार आठवला की अजून हात मागे जातो, आणि त्याच्याविषयी दुसरं कुणी वाईट बोललं की आपणच त्याच्या अंगावर धावून जातो. माझं तसंच आहे. म्हणून लिहायला बसले.

बेळगावजवळच्या पिरनवाडीत आमचं घर, खानापूर रस्त्याला लागून. शेताचे प्लॉट पडले तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरावर मजला चढवायला घेतला आणि भिंती उभ्या राहिल्यावर तो तसाच राहिला. खिडक्यांना चौकटी नाहीत, जिन्याला कठडा नाही, वर सळया उघड्या. असल्या जागेत कोण येणार? सर आले. वर चढून त्यांनी लांबलचक भिंतीवर हात फिरवला, "नकाशा मावतोय" म्हणाले आणि शिकवणी मांडून तिथंच राहिले. आप्पांनी खिडक्या बसवून देतो म्हटलं, तर नको म्हणाले. पोरांना रस्ता दिसू दे, भूगोल तिथंच चाललाय.

मूळचे ते निपाणीकडचे, बायको तिकडेच असायची. जैन शेतकरी घर, तंबाखूची शेती. शाळा कन्नड, शेजार मराठी. आकडेमोड कन्नडमध्ये करायचे, शिव्या मराठीत द्यायचे, आणि फार संतापले की दोन्ही भाषा एकाच वाक्यात यायच्या. कांदा-लसूण खात नसत. पाणी गाळून पीत, दिवस मावळायच्या आत जेवत. जिना चढताना पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून वाकून बघत चढत, आणि वर जाऊन पोरांना बडवत. आमच्या आईला याचं कोडं पडायचं. एकदा तिनं विचारलंच. सर शांतपणे म्हणाले, "वहिनी, मुंगीला परीक्षा न्हाय."

आधी ते कॉलेजात शिकवत होते. संस्थेच्या चेअरमनचा पुतण्या त्यांच्या वर्गात पाय पसरून बसला होता, त्याच्या कानाखाली वाजवली. माफी माग म्हटलं तर सरांनी चेअरमनलाच विचारलं, पाय कुणाच्या हद्दीत होते? त्यानंतर खासगी शिकवणी. मार खाऊनही पोरं यायची, चिकोडीपासून गुंजीपर्यंतची यायची, कारण सरांकडे शिकलेलं पोर नापास झाल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं.

त्यांचा बांधाचा तास तर साऱ्या भागात माहीत होता. बांध कोरणं म्हणजे काय हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. नांगरट करताना फाळ जरासा शेजाऱ्याच्या बांधात घालायचा. दरवर्षी थोडं थोडं. शेजाऱ्याच्या ध्यानात येईपर्यंत बांध बराच सरकलेला असतो. सरांनी वर्गाच्या मधोमध जमिनीवर खडूची रेघ ओढली. इकडचे एका देशाचे, तिकडचे दुसऱ्या. पलीकडच्यांचं लक्ष नसताना रेघ पुसून बोटभर पुढे ओढायची मुभा. बाकी काही नियम नाही.

इकडच्या बाजूला बाहुबली म्हणून चिकोडीकडचा मुलगा होता. घरी कन्नड बोलणारा, जैन, स्वभावानं अगदी गरीब. तिकडे गुंजीचा परशराम, म्हणजे आमचा परशा. सकाळच्या रेल्वेनं यायचा, जाताना खानापूरच्या बसनं जायचा, अंगापिंडानं रानातला, डोक्यानं तल्लख, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. पहिले काही दिवस हसण्यावारी गेले. मग कुणी डबा खायला उठेना, कारण उठलं की रेघ सरकते. मग टोमणे, मग भाषेवरून टोमणे. शेवटी एका सकाळी परशानं बाहुबलीची कॉलर धरली आणि त्याचा ओठ फोडला. बाकं उलटली, पोरं एकमेकांवर पडली.

सर स्टुलावर बसून बघत होते. सोडवायला उठले नाहीत. सगळे दमल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पहिल्या दिवशी रेघ कुठं हुती?"

कुणालाच सांगता येईना. परशाला नाही, बाहुबलीला नाही. मला वाटत होतं मला आठवतंय, पण मी दाखवलेल्या जागेवर माझ्या शेजारणीनं डोकं हलवलं. "झालं," सर म्हणाले. "ह्येलाच युद्ध म्हनत्यात. लिहा." बाहुबली ओठाला रुमाल लावून लिहीत होता. त्याच तासावर मी विद्यापीठाच्या पेपरात उत्तर लिहिलं आणि वर्गात पहिली आले.

सरांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. एकदा पोरांनी धीर करून विचारलं तेव्हा ते न लपवता बोलले. निपाणीजवळचं रान, चुलतभाऊ, दोघांच्या मधला बांध. बांध हातभर सरकला होता. सरांनी कुदळ उचलली, भावानं विळा. "पयला मी मारलं," सर म्हणाले. "त्येचा गुडघा गेला, माझी बोटं. मागनं मोजणी आली, तर बांध हुता तितंच हुता. आम्हा दोघांनाबी दिसला न्हवता." तेव्हा ते कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते. त्याच साली त्यांनी भूगोल घेतला.

आता त्या हिवाळ्याकडे येते. सीमाप्रश्न पुन्हा पेटला होता. आमच्याकडे तो अधूनमधून पेटतोच. तिकडे इकडच्या बसला काळं फासलं, म्हणून इकडे तिकडच्या गाडीच्या काचा फोडल्या, म्हणून तिकडे पुन्हा काही, आणि प्रत्येकाच्या फोनवर त्याचे व्हिडिओ. नाक्यावर पोलिसांची गाडी कायमची उभी. सरांनी सगळ्यांना दम भरला होता. आंदोलन करायचं तर नोकरी लागल्यावर राजीनामा देऊन करा. एकदा अंगावर केस पडली की पोलीस व्हेरिफिकेशनला नाव कापलं जातं. मग रेघ हिकडं ऱ्हायली काय आणि तिकडं गेली काय, तू बाहेरच.

हे ते मुख्यतः परशाला उद्देशून बोलत होते. महसूल खात्याच्या परीक्षेत परशाचं नाव लागलं होतं. फक्त व्हेरिफिकेशन राहिलं होतं. त्यांच्या घरात सरकारी नोकरी कुणी पाहिली नव्हती. बाप दुसऱ्याच्या भातशेतीत राबणारा. निकाल लागला त्या दिवशी बाप नव्या तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन गुंजीहून आला आणि सरांच्या पायाशी ठेवून गेला. त्या दिवशी सरांनी परशाला मारलं नाही. हाच त्यांचा पेढा.

आणि त्याच परशानं दगड मारला.

सकाळचा वर्ग चालू होता. नाक्यावर गलका झाला म्हणून आम्ही सगळे चौकट नसलेल्या खिडकीपाशी गेलो. तोंडाला रुमाल बांधलेली पोरं रस्त्यावर पसरली होती. मध्ये खानापूरची बस अडकलेली. एका दगडानं पुढची काच फुटली. लगेच दुसरा आला तो फुटक्या काचेतून आत. ड्रायव्हर दार उघडून खाली उतरले, डोळ्यावर हात धरून. बोटांच्या मधून रक्त गळत होतं, खाकी शर्टावर, बाहीवर. दोन पावलं चालले आणि रस्त्यावर खाली बसले.

ते ड्रायव्हर आमचे रोजचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. खानापूरजवळच्या खेड्यातले, घरात मराठी बोलणारे. मी धावत येताना दिसले की बस थांबवून ठेवायचे. अंगावर कर्नाटकाच्या बसचे कपडे, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांचं डोकं फोडून मराठीचं काय भलं झालं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. विचारलं की लोक माझ्याकडेच बघतात.

दुसरा दगड कुणी मारला ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. निळा शर्ट. तो वळला, रुमाल काढून फेकला आणि सरळ आमच्या जिन्याकडे पळत सुटला. सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनीही पाहिलं. त्यांचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता.

परशा वर आला. छाती भात्यासारखी चाललेली. कुणाशी न बोलता मागच्या बाकावर जाऊन बसला, जणू उशीर झाला आहे एवढंच. पुढे कधीतरी त्यानं मला सांगितलं की स्टेशनवरून चालत येताना तो घोळक्यात सापडला, कुणीतरी हातात दगड दिला, आणि मारल्यावर अण्णांचा चेहरा दिसला.

सर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "हात दाव."

परशानं उजवा हात पुढे केला. तळवा तांबड्या मातीनं माखलेला होता. सरांनी तो आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसून काढला. नीट, बोटांच्या मधूनसुद्धा. मग म्हणाले, "ह्यो लिहायचा. दुसरा दाव."

परशानं डावा हात पुढे केला. सरांनी मनगट धरून हात बाकाच्या कडेवर दाबला आणि रूळ घातला. रोजचा मार आणि हा मार यात फरक होता, तो आम्हाला पहिल्याच तडाख्याला कळला. परशा ओरडला. दुसऱ्या तडाख्याला एक मुलगी रडायला लागली. त्यानंतर कधीतरी आतलं हाड मोडल्याचा आवाज आला. तो मी पुढे बऱ्याचदा झोपेत ऐकला आहे. परशा बाकावरून खाली पडला तरी सर थांबले नाहीत. पाठीवर, खांद्यावर, मांडीवर. तोंडानं एक शब्द नाही. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी मला इतक्या जोरात ढकललं की मी भिंतीवर आपटले.

तेवढ्यात जिन्यात बुटांचे आवाज आले. एक साहेब आणि दोन शिपाई वर आले. आल्या आल्या त्यांना दिसलं ते हे, की एक म्हातारा मास्तर जमिनीवर पडलेल्या पोराला गुरासारखा बडवतो आहे. शेवटी शिपायांनीच सरांच्या हातातून रूळ ओढून घेतला.

साहेबानं कन्नडमध्ये विचारलं, निळ्या शर्टाचा पोरगा आत्ता वर आला, तो कुठं आहे? सर धापा टाकत त्याच भाषेत, अगदी शुद्ध पुस्तकी कन्नडमध्ये म्हणाले, आत्ता कुणी आलं नाही. हा सकाळपासून इथंच आहे. नकाशा चुकवला म्हणून मारतोय, मघापासून मारतोय. तुम्हाला हवा असेल तर घेऊन जा, माझा हात दुखतोय.

साहेबाचा विश्वास बसेना. त्यानं वर्गाकडे पाहिलं आणि बरोबर बाहुबलीला उभं केलं, वहीवर कन्नड नाव दिसलं म्हणून असेल. खरं सांग, हा सकाळपासून इथं होता का? बाहुबलीच्या ओठावरचा व्रण अजून गेला नव्हता. तो परशाकडे बघत राहिला. परशा पालथा पडला होता, डावा हात भलत्याच बाजूला वळलेला. मला वाटलं आता संपलं, आणि खरं सांगते, बाहुबलीनं खरं बोललेलं मला चुकीचंही वाटलं नसतं.

बाहुबली म्हणाला, होय, सकाळपासून इथंच आहे.

साहेब सरांकडे वळला. "मास्तर हाईस का कसाई?" हे मात्र त्यानं मराठीत विचारलं. सरांचं नाव लिहून घेतलं, पोराला दवाखान्यात न्या म्हणाला आणि खाली उतरला. सरांनी परशाला उचललं. स्वतः. कठडा नसलेल्या जिन्यावरून त्या दांडग्या पोराला खांद्यावर घेऊन उतरले. खाली आप्पांनी रिक्षा आणली होती.

त्या दिवसानंतर आम्हा सगळ्यांना एकच गोष्ट पक्की माहीत होती. परशा वर्गात होता म्हणजे परशाची नोकरी आहे. परशा नाक्यावर होता म्हणजे नोकरी नाही, तुरुंग आहे. आणि तो वर्गात होता याचा पुरावा म्हणजे त्याचा मोडलेला हात. सरांनी नकाशासाठी पोराचा हात मोडला, हे जगानं मानायला हवं होतं.

जगानं ते फार लवकर मानलं. सिव्हिल हॉस्पिटलात कुणीतरी परशाच्या प्लॅस्टरचा व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो गावोगाव फिरला. कन्नड शाळेत शिकलेल्या मास्तरानं मराठी पोराचा हात मोडला. काहींनी तर नकाशात बेळगाव महाराष्ट्रात दाखवलं म्हणून मोडला, अशीही भर घातली. परशाचा बाप गुंजीहून आला. सरांनी त्यालाही तेच सांगितलं, नकाशा चुकला म्हणून मारलं. बाप, ज्यांच्या पायाशी तांदूळ ठेवला त्यांच्याकडे नुसता बघत राहिला आणि गेला.

मला हे सहन होईना. मी वर जाऊन सरांना म्हटलं, मी लोकांना खरं सांगणार. सर भिंतीवरचा नकाशा सारखा करत होते.

"सांग की," ते म्हणाले. "पर मग त्याच्या बापालाबी तूच सांग, नोकरी गेली म्हणून."

मी गप्प बसले. परशा प्लॅस्टर गळ्यात अडकवून आला आणि म्हणाला, सर, मी पोलिसांत जातो. सर म्हणाले, "तोंड उघडलंस तर उजवाबी मोडीन. ऑर्डर हातात पडल्याबिगर हिकडं फिरकू नको." तो खाली येऊन आमच्या पायरीवर बराच वेळ बसून होता. आईनं त्याला चहा दिला, तो त्यानं तसाच ठेवला.

मग ती माणसं आली. कुठल्या संघटनेची होती ते मी लिहीत नाही. दोन्ही बाजूंना तशी माणसं आहेत आणि दोन्ही बाजूंना ती जिना सारखीच चढतात. आप्पा जिन्यात कुदळीचा दांडा घेऊन उभे राहिले. वरून सर ओरडले, "आप्पा, बाजूला व्हा. माझ्याकडं आल्यात ती." आप्पा हलले नाहीत, तेव्हा त्यांना ढकलून लोक वर घुसले.

सर मार खात बसले असतील असं समजू नका; लोकांच्या मागोमाग वर गेलेल्या आप्पांनी नंतर सगळं सांगितलं. त्यांनी स्टूल उचललं आणि पहिल्याचं नाक फोडलं. दुसऱ्याच्या दंडाला चावले. रूळ फिरवत भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि दोन्ही भाषांत शिव्या देत होते. पण ते एकटे होते. रूळ हिसकावून त्याच रुळानं त्यांना मारलं. खाली पाडून कमरेत लाथा घातल्या. कुणीतरी बाटलीतून जळकं ऑइल आणलं होतं, ते डोक्यावर ओतलं. नकाशा फाडून त्यांच्या तोंडावर टाकला. "मराठी पोराचा हात मोडतोस?" एकजण विचारत होता. सरांनी एकदाही खरं सांगितलं नाही. एक वाक्य बोलले असते तर हीच माणसं त्यांच्या पाया पडली असती. पण मग परशा गेला असता.

मी ओरडत होते, पण आईनं मला खालच्या खोलीत कोंडलं होतं. ती माणसं गेल्यावर आम्ही वर गेलो. आईनं खोबरेल तेल आणि कापूस घेऊन सरांचं तोंड पुसायला घेतलं. कानामागचा काळा रंग काही जाईना. आई रडत होती, पोराला इतकं मारण्याएवढा राग कुणी धरतं का, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिलाही खरं ठाऊक नव्हतं. सर डोळे मिटून म्हणाले, "वहिनी, जरा मऊ हातानं."

शिकवणी संपली. सर निपाणीला गेले. कमरेत बसलेली लाथ काही बरी झाली नाही. आधी काठी आली, मग खाट. परशाचं व्हेरिफिकेशन स्वच्छ आलं, ऑर्डर आली, खानापूर तालुक्यातच नेमणूक मिळाली. ऑर्डर घेऊन तो निपाणीला गेला तेव्हा सरांनी ती दोनदा वाचली, खालचा शिक्का निरखून बघितला आणि त्याला जायला सांगितलं. बस म्हणाले नाहीत. पिरनवाडीत अजूनही लोक त्यांना पोराचा हात मोडणारा मास्तर म्हणतात. मी खानापूरच्या हायस्कुलात भूगोल शिकवते, आणि सहकारी हे बोलले की मी भांडते, पण कशासाठी भांडते ते सांगता येत नसे.

सर गेल्याचा फोन बाहुबलीचा आला. मी आणि परशा निपाणीला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. सरांच्या बायकोनं परशाकडे पाहिलं आणि विचारलं, "हात बरा हाय न्हवं? ते रोज इचारायचे." परशानं हात पुढे केला. तो अजून पुरता सरळ होत नाही. तिनं तो दोन्ही हातांत घेऊन दाबून बघितला, कोपरापासून मनगटापर्यंत.

परतताना बेळगावला उशीर झाला, गुंजीची गाडी चुकली. खानापूरची बस लागली होती. दगड मारला त्या दिवसापासून परशा त्या रस्त्याच्या बसमध्ये कधी बसला नव्हता, रेल्वेनंच जायचा. मी त्याला ओढतच आत नेलं, आणि बघते तर स्टिअरिंगवर अण्णा. डाव्या भुवईतून गालापर्यंत व्रण, ती पापणी अर्धवट मिटलेली. ते बरे होऊन कामावर आल्याला वर्ष होऊन गेलं होतं. मी त्यांच्या बसनं रोज जात होते आणि त्यांनी कधी त्या दिवसाचं नाव काढलं नव्हतं.

परशा माझा हात सोडवून सरळ त्यांच्यापाशी गेला. बस भरलेली होती. आता तो सरकारी माणूस होता आणि ऐकणारे कान पुष्कळ होते. मी त्याचा शर्ट मागून ओढला, पण तो बोललाच.

"अण्णा, त्यो दगड माझा हुता."

अण्णांनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "ठाऊक हाय," ते म्हणाले. "रोजचं गिऱ्हाईक तू. रुमालानं काय कपाळ झाकतंय?"

"मग पोलिसांस्नी का सांगितलं न्हाईसा?"

अण्णांनी इंजिन चालू केलं. मग इंजिनाच्या आवाजात, आम्हा दोघांनाच ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलू लागले. "तुझं सर आलतं सिव्हिलात, त्याच दिशी. तुला प्लॅस्टर घालत हुते तवा. म्हनाले, पोराला मी शिक्षा केलीया, हात मोडलाय त्याचा. तेवढ्यानं भागत नसंल तर ऱ्हायलेलं मला मार, पर त्याचं नाव घेऊ नको. मी लई पेटलेलो. डोळा ऱ्हातोय का जातोय कळत न्हवतं. उठलो आनि हात उगारला. तर म्हनाले, थांब जरा."

परशानं सीटमागची दांडी धरली.

"मला वाटलं भ्यालं म्हातारं. तर त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठिवला, आनि म्हनाले, हां, मार आता."

"मारलासा?" परशानं विचारलं.

"मारलं की. लई जोरात मारलं. गप उभं ऱ्हायलं. दुसरं मारायला हातच उचलंना माझा." अण्णांनी गिअर टाकला. "मग चष्मा घातला त्यांनी आनि मला इचारलं, सकाळपास्नं काय खाल्लंस काय?"

बस सुटली. परशा तिथंच इंजिनाच्या झाकणावर बसला आणि रडायला लागला. कंडक्टर त्याला तिथून उठवायला आला, अण्णांनी नुसता हात केला, तसा तो मागे गेला. पिरनवाडीला उतरायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.